जर्मनीला शिकायला जाताना खाते कुठले उघडावे? एकच 'इंटरनॅशनल अकाउंट' पुरते का?

आखेनवारी | प्रश्न

नमस्कार मंडळी,

हिवाळी सत्र २०२५-२६ साठी आखेनला मेकॅनिकलच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला आहे. व्हिसाची तारीख अजून घ्यायची आहे. पैशांची जुळणी अशी: साधारण पाच लाख शैक्षणिक कर्ज (राष्ट्रीयीकृत बँक, सांगली), बाकीचे बाबांच्या मुदत ठेवीतून. ठेव इथल्या सहकारी बँकेत आहे.

एक एजंट म्हणतो, आमच्याकडून 'इंटरनॅशनल अकाउंट' इथूनच उघडून जा. व्हिसासाठी दाखवायचे पैसे, तिथला रोजचा खर्च, घरून येणारे पैसे, सगळे त्यातच. असे एकच खाते खरेच असते का? पैसे पाठवताना नेमके काय काय कापतात? माझे इथले बचत खाते आईबरोबर संयुक्त आहे, त्यातून दोन एसआयपी जातात, शिवाय पीपीएफ आहे. ते आहे तसेच ठेवून गेलो तर चालेल का? आणि पहिल्या महिन्यासाठी रोख न्यावी की फॉरेक्स कार्ड?

---

हिशेबनीस

एजंटचा पहिला मुद्दा तिथेच थांबवा. तीन वेगळी कामे आहेत आणि तिन्हींना तीन वेगळी खाती लागतात: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधी भरायचा, मग त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच सुटते), जर्मनीत पोचल्यावर रोजच्या व्यवहाराचे खाते (जर्मन लोक त्याला 'गिरोकोंटो' म्हणतात) आणि भारतातले खाते, जे नंतर एनआरओ (अनिवासी भारतीयाचे इथले खाते) होते. एकाच नावाची बँक भारतात आणि जर्मनीत असली तरी पुण्याच्या शाखेतले खाते तिथे 'ट्रान्सफर' होत नाही. दोन्हीकडचे नियम, केवायसी, खाते क्रमांक सगळे स्वतंत्र. ब्रिटनला जाणाऱ्यांना एचएसबीसीसारख्या बँकेतून तिथले खाते निघण्याआधी उघडायची सोय असते. 'इंटरनॅशनल अकाउंट'चा सल्ला बहुधा तिकडून आलेला आणि जर्मनीवर चिकटवलेला.

आता ब्लॉक्ड अकाउंट. रक्कम सध्या ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ प्रमाणे बारा महिन्यांचे. सप्टेंबर २०२४ च्या आधी ती ११,२०८ होती, त्यामुळे नेटवरच्या जुन्या लेखांतला आकडा धरू नका. व्हिसाचा अर्ज देण्याच्या दिवशी लागू असलेला आकडा चालतो. एक्सपाट्रिओ, फिंटिबा, कोराकल या कंपन्यांकडे ते ऑनलाइन उघडते. डॉइचं बँकेने परदेशातून अशी खाती उघडणे २०२२ मध्येच बंद केले, तरी कुणी ना कुणी तिचा फॉर्म अजून पुढे ढकलत असतो. निवडताना बघायचे ते असे: उघडण्याची फी, दरमहा शुल्क, व्हिसा नाकारला तर परताव्यासाठी कोणते कागद मागतात, आणि पैसे प्रत्यक्ष कुठल्या जर्मन बँकेत राहतात. सोबत 'मोफत' म्हणून जोडलेला प्रवास विमा किंवा आरोग्य विमा असला तर नीट वाचा. विद्यापीठातल्या नोंदणीसाठी लागतो तो सरकारी आरोग्य विमा, प्रवास विमा नव्हे.

कर्जाचे मंजुरीपत्र आजच काढून वाचा. बहुतेक बँकांचा साचा 'फी विद्यापीठाच्या खात्यात वर्ग' असा असतो. आखेनच्या सरकारी विद्यापीठात नेहमीच्या अभ्यासक्रमांना शिकवणी फी नाही, फक्त सत्राचे अंशदान आहे, मग बँक म्हणते वर्ग कुठे करू? मंजुरीपत्रात 'निर्वाह खर्च, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्ग' असे शब्द घालून घ्या. नंतर दुरुस्ती मागितली की फाइल पुन्हा विभागीय कार्यालयात जाते, आणि तिथून ती कधी परतेल याचा नेम नसतो.

---

विनिमयदार

पैसे पाठवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण खरा पैसा इथेच गळतो.

पहिली अडचण सहकारी बँकेची. परकीय चलन पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली 'अधिकृत डीलर' बँक लागते. पतसंस्थेला ते जमतच नाही, आणि बहुतेक सहकारी बँका स्वतः न पाठवता दुसऱ्या बँकेमार्फत पाठवतात. त्यात एक दिवस वाढतो आणि एक कमिशनही. ठेव मोडून पैसे बाबांच्या व्यापारी बँकेतल्या बचत खात्यात आणा. ते खाते नवे असेल तर मागच्या वर्षाचे स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र मागतील, ते जवळ ठेवा. ठेव मोडल्याची पावतीही ठेवा, पैसे कुठून आले हे दाखवायला तीच उपयोगी पडते. राष्ट्रीयीकृत बँकेच्याही प्रत्येक शाखेत फॉरेक्सचे काम होत नाही. कुठल्या शाखेत होते ते आधी विचारा.

कागद: ए-२ फॉर्म (परकीय चलन पाठवण्याचा अर्ज), पॅन, प्रवेशपत्र, पासपोर्टची प्रत, ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांनी दिलेले पैसे भरण्याचे पत्र. उद्देशाचा संकेतांक एस-०३०५ (शिक्षणासाठी प्रवास, त्यात फी आणि वसतिगृह खर्च येतो). काउंटरवरचा माणूस सवयीने एस-१३०१, म्हणजे कुटुंबाचा निर्वाह, टाकतो. तो टाकू देऊ नका. कारण पुढे टीसीएसचा (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराचा) दर याच संकेतांकावरून ठरतो.

टीसीएसचा हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी असा. एका पॅनवर वर्षात दहा लाखांपर्यंत काही नाही. त्यावर शिक्षणासाठी स्वतःचे पैसे असतील तर वरच्या रकमेवर ५ टक्के, इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर शून्य. युरो १०० रुपये धरला तर ११,९०४ युरो म्हणजे ११,९०,४०० रुपये. सगळे बाबांनी पाठवले तर वरच्या १,९०,४०० वर ९,५२० रुपये टीसीएस. तुमच्या बाबतीत पाच लाख कर्जातून जाणार, बाबांचे ६,९०,४०० उरतात, म्हणजे टीसीएस लागतच नाही; फक्त त्याच वर्षात त्यांनी दुसऱ्या कुठल्या बँकेतून परदेशी पैसे पाठवलेले नसावेत, कारण दहा लाखांची मर्यादा पॅनवर मोजली जाते, बँकेवर नाही. कापला गेलाच तर तो खर्च नव्हे, बाबांच्या २६एएस (कापलेल्या कराचा वार्षिक तक्ता) मध्ये दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. पैसे तेवढे दिवस अडकतात, इतकेच.

जीएसटी रूपांतराच्या रकमेवर स्लॅबने लागतो. ११,९०,४०० एकदम बदलले तर सुमारे १,०२४ रुपये, दोन भागांत पाठवले तर सुमारे १,२५१. याच्यासाठी डोके शिणवू नका.

डोके शिणवायचे ते दरासाठी. या रकमेवर युरोमागे एक रुपया जास्त दिला की ११,९०४ रुपये गेले. बँकेचा 'कार्ड रेट' (शाखेत लावलेला त्या दिवसाचा दर) आणि त्या क्षणीचा बाजारभाव यांत दीड-दोन रुपयांचा फरक सहज असतो. शाखाधिकाऱ्याला सांगून ट्रेझरीकडून (बँकेच्या चलन विभागाकडून) दर मागवा, दोन बँकांचे दर त्याच तासात घ्या, आणि 'शुल्क नाही' अशी जाहिरात दिसली की दर आणखी बारकाईने बघा.

शेवटची गोम. स्विफ्ट (बँकांची परदेशी पैसे पाठवण्याची यंत्रणा) फॉर्ममध्ये शुल्क कुणी भरायचे याचे तीन पर्याय असतात: ओयूआर (सगळे पाठवणारा), एसएचए (दोघांत विभागून), बीईएन (सगळे घेणारा). एसएचए निवडले तर मधली बँक वाटेत पंधरा-पंचवीस युरो कापून घेऊ शकते. मग तिथे ११,९०४ च्या जागी ११,८८२ जमा होतात आणि व्हिसासाठी लागणारे, रक्कम जमा असल्याचे पुष्टिपत्र निघत नाही. बावीस युरोंसाठी पुन्हा सगळी स्विफ्टची वारी. ओयूआर निवडा, आणि तरीही पन्नासेक युरो जास्त पाठवा. उघडण्याची फी याच रकमेतून वळती होणार असेल तर तीही धरा. तुमच्या बाबतीत दोन वेगळे हप्ते जाणार आहेत, म्हणून दोन्हींवर तोच संदर्भ क्रमांक लिहायचा. तो विसरला की पैसे तिथे पोचतात, पण कुणाचे ते कळत नाही.

---

धडाधड

इतके कशाला? एखादे मोबाइल ॲपवाले खाते काढा, दहा मिनिटांत आयबॅन (युरोपात चालणारा खाते क्रमांक) मिळतो, रोजचे भागते. आणि भारतातले बचत खाते तसेच राहू द्या, कोण तपासायला बसलेय. सगळे तसेच ठेवतात.

---

ऱ्हाइनकाठ

धडाधड, पहिले अर्धे बरोबर, दुसरे पूर्ण चूक. दुसऱ्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच, मी जर्मनीकडची बाजू घेतो.

तिथे सगळ्याची किल्ली म्हणजे पत्त्याची नोंदणी, 'आनमेल्डुंग'. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाने सही केलेले राहण्याचे प्रमाणपत्र लागते. नुसता भाडेकरार चालत नाही, आणि काही दिवसांच्या हॉटेलवर ते मिळत नाही. नोंदणी झाली की दोन-चार आठवड्यांत कर क्रमांक टपालाने घरी येतो. त्या टपालासाठी दरवाजावरच्या पेटीवर तुमचे नाव असायला हवे. आपल्याकडे पोस्टमन विचारून देतो. तिथे पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत.

ब्लॉक्ड अकाउंटमधले दरमहाचे ९९२ सुटायला तुमच्या नावाचे रोजचे खाते लागते. बऱ्याच पारंपरिक बँकांना त्यासाठी नोंदणीचा कागद हवा. ॲपवाल्या बँका कधी नोंदणीआधी उघडतात, म्हणून पहिला महिना त्यांच्यावर काढणे ठीक. फक्त दोन गोष्टी तपासा. एक, ती परवाना असलेली बँक आहे की नुसती पैसे हलवणारी संस्था? बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ग्राहकामागे एक लाख युरोपर्यंत हमी असते. वाइजसारख्या संस्थेत तुमचे पैसे वेगळे राखून ठेवतात, पण ही ठेव हमी त्याला नाही. दोन, आयबॅनची सुरुवात. जर्मन आयबॅन 'डीई'ने सुरू होतो आणि २२ अक्षरांचा असतो. वाइजचा बेल्जियमचा, म्हणजे 'बीई'. विमा कंपनी किंवा घरमालक 'डीईच हवा' म्हणतात. कायद्याने त्यांना तसे म्हणता येत नाही, युरोपीय नियम २६०/२०१२ च्या नवव्या कलमात ते स्पष्ट आहे. पण खोली हातातून जात असताना कलम दाखवून उपयोग नसतो. म्हणून स्थिरावल्यावर एक डीईवाले खाते असू द्या.

शब्दाचा एक घोळ: इंग्रजी पत्रकांत गिरोकोंटोला 'करंट अकाउंट' म्हणतात. आपल्याकडचे करंट खाते धंद्यासाठी असते. हे तसे नव्हे, पगार-भाडे-विजेचे साधे खातेच आहे. आणि 'सेव्हिंग्ज' म्हणून तिथे जे मिळते त्यातून भाडे भरता येत नाही. शाखेत गेल्यावर विद्यार्थ्यांसाठीचे गिरोकोंटो मागा, वयाच्या एका मर्यादेपर्यंत बहुधा त्याला महिन्याचे शुल्क नसते.

ओळख पडताळणी व्हिडिओवर किंवा टपाल कार्यालयात होते. काही बँका व्हिडिओवर भारतीय पासपोर्ट घेत नाहीत. अर्ज अर्ध्यावर अडकला तर टपाल कार्यालयाचा पर्याय निवडा. कुठलीच बँक घेईना तर 'बाझिसकोंटो' मागा. २०१६ पासूनच्या कायद्याने कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही असे मूलभूत खाते मिळण्याचा हक्क आहे. ठरावीक फॉर्म भरून दिला की बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

भाड्याचे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचे मूळ भाडे, आणि ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा कायद्यात आहे. घर न पाहता भारतातून डिपॉझिट पाठवू नका. फोटो सुंदर, मालक 'सध्या लंडनला', किल्ली कुरिअरने... हा सापळा दर सप्टेंबरला लागतो.

---

कलम_सहा

बचत खात्याबद्दल. फेमा (परकीय चलनाचा कायदा) आणि आयकर हे दोन वेगळे कायदे आहेत आणि 'अनिवासी'ची व्याख्या दोघांत वेगळी आहे. सगळा गोंधळ यातून होतो.

फेमाखाली शिकायला गेलेला विद्यार्थी निघाल्यापासून अनिवासी धरला जातो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले. म्हणून निवासी बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसाची प्रत, तिथला पत्ता आणि परदेशी कर क्रमांकाची घोषणा लागते. इथल्या शाखेत अर्ज आताच आणून ठेवा, कर क्रमांक आला की पाठवा. आई संयुक्त धारक राहू शकते, पण 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या पद्धतीने. तुम्ही असेपर्यंत तिला व्यवहार करायचे असतील तर मुखत्यारपत्र लागते. ते निघण्यापूर्वी इथेच करा. नंतर वकिलातीच्या फेऱ्या.

तिथली कमाई इथे पाठवायची वेळ आली की एनआरई (परदेशी कमाईसाठीचे अनिवासी खाते) उघडा. त्याचे व्याज भारतात करमुक्त आणि पैसे केव्हाही परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र ३१.२ टक्के कर कापतात. भारत-जर्मनी करारानुसार तो १० टक्क्यांवर येतो, पण जर्मन कर कार्यालयाचे रहिवासाचे प्रमाणपत्र आणि १०एफ फॉर्म दिल्यावर. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, मुदतवाढ मिळत नाही. म्युच्युअल फंडाची केवायसी अनिवासी करून एसआयपीचा आदेश एनआरओवरून नव्याने द्या, नाहीतर खाते बदलल्यावर हप्ते परत जातात.

आता आयकर. २५ सप्टेंबरच्या सुमारास निघालात तर एप्रिलपासून जवळपास १७८ दिवस भारतात भरतात. १८२ दिवसांच्या आत निघाल्यास अनिवासी ठरण्याची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला आहे, शिक्षणासाठी जाणाऱ्याला ती सरळ लागू होत नाही. म्हणजे २०२५-२६ मध्ये तुम्ही आयकरासाठी बहुधा निवासीच. आणि निवासी माणसाच्या नावावर परदेशात खाते असेल तर उत्पन्न शून्य असले तरी विवरणपत्र भरावे लागते, तेही आयटीआर-१ नाही, आयटीआर-२, त्यात 'शेड्यूल एफए' (परदेशी मालमत्तेचा तक्ता). ब्लॉक्ड अकाउंटही यात येते. त्यात माहिती कॅलेंडर वर्षाची लिहायची, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर २०२५, आणि वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक रुपयांत. वीस लाखांखालच्या अशा मालमत्तेवर ऑक्टोबर २०२४ पासून काळ्या पैशाच्या कायद्यातला दहा लाखांचा दंड लागत नाही. माहिती भरण्याचे बंधन मात्र आहेच.

सिमकार्ड! ओटीपी त्यावरच येतात. नंबर रिचार्जविना बंद पडला तर काही काळाने तो दुसऱ्याला दिला जातो. रोमिंग सुरू करून, छोट्या वैधतेचे रिचार्ज घरून कुणीतरी करत राहील अशी सोय लावा. परदेशी नंबरवर यूपीआय चालते, पण जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या दहा देशांत जर्मनी नव्हता.

---

आखेनवारी

सगळ्यांचे आभार, एजंटला नमस्कार केला. दोन शंका राहिल्या. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये माझे आणि वडिलांचे नाव एकत्र आहे, आडनाव वेगळे. इथल्या बँकेत फक्त नाव-आडनाव आहे. अडेल का? आणि व्हिसा नाकारला तर ११,९०४ चे काय?

---

ऱ्हाइनकाठ

नावाचा हा मराठी घोळ तिथे ठरलेला आहे. जर्मनीत वडिलांचे नाव हे तुमचे दुसरे पहिले नाव धरतात आणि प्रत्येक पत्रावर तसेच छापतात. सगळीकडे, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, विमा, विद्यापीठ, गिरोकोंटो, पासपोर्टवर आहे तेच आणि त्याच क्रमाने लिहा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी नाव आणि आयबॅन जुळतात का हे दाखवावे लागते. घरमालकाने परतावा पाठवताना 'नाव जुळत नाही' अशी सूचना येऊ नये, म्हणून त्यालाही पूर्ण नाव द्या. इथल्या बँकेतले नाव निघण्याआधी पासपोर्टप्रमाणे करून घ्या, एनआरओचा अर्ज त्याच कारणासाठी परत येतो.

---

विनिमयदार

नाकारला तर नकाराचे पत्र देऊन खाते बंद करता येते, पैसे मूळ पाठवणाऱ्याच्या खात्यात परत येतात. फी बहुधा परत नाही, आणि दोनदा रूपांतर झाल्यामुळे येण्या-जाण्याच्या दरातला फरक तुमच्या खिशातून. कर्जाचा भाग कर्जखात्यात जाईल, त्यावरचे तेवढ्या दिवसांचे व्याज बसलेलेच असते. म्हणून पैसे व्हिसाच्या तारखेच्या खूप आधी पाठवू नका. पुष्टिपत्र हाती यायला साधारण आठवडा धरा आणि वर एक आठवडा मोकळा ठेवा.

पहिल्या महिन्याचा प्रश्न राहिला. नोंदणी आणि खाते होईपर्यंत ब्लॉक्डमधून एक पैसाही सुटत नाही. म्हणून १,५०० ते २,५०० युरो वेगळे लागतात: पहिले भाडे, डिपॉझिटचा पहिला हप्ता, सत्राचे अंशदान, विमा. चार-पाचशे रोख, बाकी युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डवर. रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच मिळते, आणि पन्नास हजार रुपयांवरच्या खरेदीचे पैसे खात्यातूनच द्यावे लागतात. एटीएमने 'रुपयांत दाखवू का' असे विचारले की नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा तो दर एटीएमवाल्याचा असतो. भारतातले डेबिट कार्ड आधार म्हणून न्या, पण त्यावरचा परदेशी वापर ॲपमधून निघण्याआधी सुरू करा, तो मुळात बंदच असतो.